‘डेंजर: डायबॉलिक’: कात्रणांवर उभी राहिलेली श्रीमंती

मारियो बावाचा हा 1968चा इटालियन चित्रपट पहिल्यांदा पाहताना वाटतं, निर्मात्याने पैसा पाण्यासारखा ओतलाय. प्रत्यक्षात निर्माता दिनो दे लॉरेंतिसने दिलेल्या बजेटचा जेमतेम एक हिस्सा बावाने खर्च केला. नायक डायबॉलिक हा मुखवटाधारी चोर; त्याचा जमिनीखालचा अड्डा बराचसा खोटा आहे.

युक्ती जुनीच. कॅमेऱ्यापुढे काच उभी करायची, तिच्यावर छत, खांब, जिने रंगवायचे किंवा छायाचित्रांची कात्रणं चिकटवायची. मोकळ्या ठेवलेल्या भागातून मागचा छोटा खरा सेट आणि नट दिसतात. काच जवळ, नट लांब. दोन्ही स्पष्ट हवेत, म्हणून लेन्सचं छिद्र लहान आणि प्रकाश भरपूर लागतो. कॅमेरा जरा सरकला की सांधा उघडा पडतो. म्हणून अड्ड्याची दूरची दृश्यं पाहताना कॅमेरा कुठे गप्प बसलाय ते बघा, चोरी तिथेच सापडेल. गंमत म्हणजे पाचूच्या हाराच्या प्रसंगात डायबॉलिकही तेच करतो: पाळतीच्या कॅमेऱ्यासमोर फोटो धरून पहारेकऱ्यांना गंडवतो!

मूळ कॉमिक मिलानच्या आंजेला आणि लुचियाना जुसानी या बहिणींचं, 1962पासूनचं. खिशात मावणारं, प्रवासात वाचून संपवायचं, आतली चित्रं काळीपांढरी. बावाने त्यात रंग ओतले: सुरुवातीच्या दरोड्यातला रंगीत धूर, काळी आणि पांढरी जॅग्वार ई-टाइप, नोटांनी भरलेला फिरता पलंग. डायबॉलिकची प्रेयसी ईव्हा हिचा चेहरा यंत्रावर रेखाटला जातो तो प्रसंग तर हलतं कॉमिकच. एन्यो मॉरिकोनेचं संगीत या सगळ्याला शोभेल इतकं निर्लज्ज आहे, झणझणीत गिटारसकट.

डायबॉलिक झालेल्या जॉन फिलिप लॉच्या चेहऱ्याचा बराचसा भाग मुखवट्याने झाकलेला, त्यामुळे अभिनय उरतो डोळ्यांत आणि भुवयांत. तेवढा पुरतो. ईव्हा झालेली मारिसा मेल मात्र प्रत्येक चौकट खाऊन टाकते. मिशेल पिकोलीचा इन्स्पेक्टर गिंको फारच सभ्य, त्यामुळे पाठलागात धार नाही. कथा म्हणजे तीन चोऱ्या एकामागे एक ओवलेल्या; मधल्या भागात खलनायक वाल्मोंची माणसं पडद्यावर आली की घड्याळाकडे लक्ष जातं. गाडी चालवतानाची मागच्या पडद्यावरची दृश्यंही आज उघड खोटी दिसतात.

आता डिस्कबद्दल. शाउट फॅक्टरी या कंपनीची 2020ची ब्लू-रे अमेरिकेच्या रीजन ‘ए’ची आहे, म्हणजे ती त्याच विभागाच्या प्लेअरवर चालते. भारतातले प्लेअर साधारणपणे रीजन ‘सी’चे, म्हणून रीजन-फ्री प्लेअर नसेल तर पैसे वाया जातील. टीव्हीवर ‘व्हिव्हिड’ मोड लावू नका. लाल-नारिंगी रंग आधीच काठोकाठ आहेत, आणखी ताणले की चेहरे भाजल्यासारखे दिसतात आणि काळ्या पोशाखाच्या घड्या बुजतात. सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड आणि उबदार रंगछटा ठेवा, मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. शार्पनेस खाली आणा, नाहीतर फिल्मचे कण वाळूसारखे टोचतात आणि काचेवरची कात्रणंही नको तितकी उठून दिसतात.

इंग्रजी डबिंगबद्दल नाक मुरडू नका. इटलीत तेव्हा आवाज बहुतेक नंतरच भरले जात, त्यामुळे इटालियन ट्रॅकवरही ओठ जुळतीलच असं नाही.