निरोपाचे पुठ्ठे आणि रविवार कारंज्याजवळचे फ्रेमवाले

जपानमधील यामानाशी प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेत तीन वर्षे इंग्रजी शिकवून मी मार्चअखेरीस नाशिकला परतले, तेव्हा कपड्यांच्या घड्यांमध्ये सर्वांत जपून आणलेल्या वस्तू म्हणजे चार जाड पुठ्ठे आणि कागदी पक्ष्यांची एक माळ. या वस्तूंना फ्रेम करून घेण्याच्या निमित्ताने नाशिकमधील दोन दुकानांचा जो अनुभव आला, तो येथे सविस्तर लिहीत आहे, कारण हाताने लिहिलेले, चिकटवलेले, रंगवलेले काही जपून ठेवायचे असेल तर कोणाकडे जावे, असे मला आतापर्यंत तीन जणींनी विचारले आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगायला हवे. जपानी शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते आणि शिक्षकांच्या बदल्याही त्याच सुमारास होतात, त्यामुळे मार्च हा तिथे निरोपांचाच महिना असतो. जाणाऱ्या शिक्षकाला वर्गातील मुले 'शिकिशी' नावाचा सोनेरी कडेचा पांढरा पुठ्ठा देतात. तो साधारण 27 सेंटिमीटर लांब व 24 सेंटिमीटर रुंद असतो. मधोमध शिक्षकाचे नाव, चित्र किंवा फोटो, आणि त्याभोवती प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या दोन-तीन ओळी, अशी त्याची मांडणी असते आणि या एकत्र लिहिण्याला 'योसेगाकी' म्हणतात. कोणी स्केचपेनने लिहितो, कोणी रंगीत पेन्सिलीने, कोणी चकचकीत स्टिकर लावतो. म्हणजे फ्रेम करणाऱ्याच्या दृष्टीने हा एक कागद नसून शाई, डिंक, फोटो आणि पुठ्ठा यांची खिचडी असते.

तिसरी ते सहावी अशा चार वर्गांचे माझे चार पुठ्ठे. 2020 पासून तिथे पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला असून त्याच्या वर्षाला 70 तासिका असतात, तर तिसरी-चौथीला 35 तासिकांचा गाणी-खेळांचा तोंडी परिचय असतो, आणि हा फरक पुठ्ठ्यांवरही स्वच्छ दिसतो. धाकट्यांनी चित्रे काढली आहेत आणि थोरल्यांनी वाक्ये लिहिली आहेत. चित्रांत द्राक्षांचे घड पुष्कळ आहेत. यामानाशी हा जपानमधील सर्वाधिक द्राक्षे पिकवणारा प्रांत आहे आणि आमच्या नाशिकलाही द्राक्षांचे मळे आहेत, हे मी पहिल्याच दिवशी सांगितले होते. त्यांची द्राक्षे उन्हाळ्याच्या अखेरीस उतरतात आणि आमची होळीच्या आगेमागे, हे कळल्यावर एका मुलीने पुठ्ठ्यावर दोन घड काढून त्यांच्यामध्ये विमान दाखवले आहे.

पहिली चूक माझीच. घाईघाईत मी सहावीचा पुठ्ठा एका मोठ्या रस्त्यावरील चकचकीत दुकानात नेला. तिथल्या मुलाने पुठ्ठा हातात घेतल्या घेतल्या 'लॅमिनेट करून टाका, आयुष्यभर टिकेल' असे सांगितले आणि मी मान डोलावली. लॅमिनेशन म्हणजे उष्णता आणि दाब, हे मला त्या क्षणी सुचले नाही. पुठ्ठ्याच्या मध्यभागी वर्गाचा झटपट छपाईचा फोटो चिकटवलेला होता, तो तपकिरी पडला आणि सहावीतल्या मुलांचे चेहरे त्यात विरघळल्यासारखे झाले. स्टिकरांखाली हवेचे फुगे आले. दुकानदाराने पैसे परत देऊ केले, पण तो फोटो मुलांनी शाळेच्या फाटकाशी शेवटच्या आठवड्यात काढलेला होता आणि सहावीची ती मुलेही त्याच महिन्यात ती शाळा सोडून जात होती.

त्यानंतर मावशीने रविवार कारंज्यावरून मेन रोडकडे जाताना लागणाऱ्या एका बोळातील दुकान सुचवले. पाटीवर फक्त 'फोटो फ्रेमिंग' एवढीच अक्षरे आहेत आणि तीही अर्धी पुसलेली. आत शिरताच भिंतीवर पट्ट्यांचे काटकोनी नमुने टांगलेले, खाली काचेचे तुकडे, आणि बाकी जागा देवांनी व दिवंगतांनी व्यापलेली. मी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गेले आणि ही माझी दुसरी चूक. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तरांनी 1 जून ही जन्मतारीख इतक्या जणांच्या नावापुढे लिहून ठेवली आहे की 31 मे रोजी निवृत्त होणाऱ्यांची रांगच लागते, आणि त्या सर्वांची मानपत्रे त्या आठवड्यात याच टेबलावर पडलेली होती. 'शिक्षणमहर्षी', 'ज्ञानतपस्वी', 'विद्यार्थिप्रिय' अशी विशेषणे सोनेरी अक्षरांत छापलेली, खाली नाव लिहिण्यासाठी जागा सोडलेली.

दुकानाचे मालक सत्तरीकडे झुकलेले आहेत. त्यांनी पुठ्ठे हातात घेण्याआधी हात धुऊन पुसले, आणि मला ते दुकान तिथेच पसंत पडले. बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, "मॅडम, हे नेमकं कुणाचं? म्हणजे, वरती हार घालायला कडी करायची का?" मी अजून हयात आहे, हा निरोप माझाच आहे, असे सांगितल्यावर ते मनापासून ओशाळले. त्यांचा दोष नाही. आपल्याकडे भिंतीवर टांगायची फ्रेम म्हणजे देव, पूर्वज किंवा प्रमाणपत्र, आणि या तिन्हींत न बसणारी वस्तू त्यांच्याकडे क्वचितच येत असावी.

कामाचा दर्जा हा या लिखाणाचा खरा विषय असल्याने त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. काकांनी पहिली अट घातली ती अशी की काच पुठ्ठ्याला टेकता कामा नये, कारण पावसाळ्यात काचेच्या आतल्या बाजूला ओल धरते आणि टेकलेली शाई काचेलाच चिकटून येते. यासाठी त्यांनी काच आणि पुठ्ठा यांच्यामध्ये कडेने बारीक पट्टी बसवली, त्यामुळे सुमारे पाच मिलिमीटरची पोकळी राहिली. पुठ्ठा मागे चिकटवण्यासाठी दुहेरी चिकटपट्टी किंवा पांढरा गोंद वापरण्यास त्यांनी साफ नकार दिला आणि पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्या करून त्या गव्हाच्या खळीने लावल्या. "उद्या काढावं वाटलं तर ओल्या बोळ्यानं सुटलं पाहिजे," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत असत. तो इथे घालणार का, असे मी विचारले, तर पांढऱ्या पुठ्ठ्यावर हिरवट डाग उठेल म्हणून त्यांनी तो टाळला. पाठीमागे हार्डबोर्ड, त्याच्या फटी कागदी पट्टीने बंद, आणि चारही कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या, जेणेकरून फ्रेम भिंतीला चिकटून न राहता मागून हवा खेळेल.

कागदी पक्ष्यांच्या माळेसाठी त्यांनी दोन इंच खोलीची पेटीसारखी फ्रेम केली. जपानमध्ये हजार पक्ष्यांचा गुच्छ करताना बहुधा 40 पक्ष्यांच्या 25 माळा ओवतात. माझ्याकडे पाचवीने दिलेली त्यातली एकच माळ आहे. मुलांनी काही पक्षी माझ्याच जुन्या अभ्यासपत्रिका चौकोनी कापून घडवलेले आहेत. त्यातल्या एका पक्ष्याच्या पंखावर 'वेन्सडे'चे अर्धे स्पेलिंग दिसते आणि तेही चुकलेले आहे. तो पक्षी समोरून दिसावा म्हणून काकांनी संपूर्ण माळ दोनदा उलगडली.

आता तक्रारी. आठ दिवसांची मुदत देऊन काम तीन आठवड्यांनी मिळाले आणि मधल्या काळात दुकानातून एकदाही फोन आला नाही. मीच दोन फेऱ्या मारल्या. मानपत्रांची गर्दी मला मान्य आहे, पण मुदत देताना ती त्यांनाही दिसत होतीच. दुसरी तक्रार अधिक गंभीर. चौथीच्या पुठ्ठ्यावर त्यांनी नेहमीच्या सवयीने कापलेला माउंट, म्हणजे मधोमध खिडकी कापलेला जाड कागद, बसवला, त्यामुळे चारही बाजूंनी साधारण एक सेंटिमीटर भाग झाकला गेला. वर्गात कायम कोपऱ्यातल्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाने पुठ्ठ्यावरही कोपऱ्यातच लिहिले होते. प्रत्येक तासाच्या शेवटी आम्ही सगळे मिळून जे वाक्य म्हणायचो, तेच त्याने लिहिले होते, 'सी यू टुमॉरो'. शेवटचा तास असला तरी त्याच्या लेखी तासाचा शेवट असाच होत होता. माउंटखाली 'टुमॉरो' नेमके झाकले गेले होते.

मी ते दाखवले तेव्हा काकांनी आधी "एवढं काय, नाव तर दिसतंय" असे म्हटले. मग मी त्या शब्दाचा अर्थ सांगितला. ते थोडे थांबले, आणि चौकटीचे बारीक खिळे पक्कडीने एकेक करून काढू लागले. पुठ्ठा माउंटच्या खिडकीआड दाबण्याऐवजी त्यांनी तो मागच्या पांढऱ्या बोर्डवर सुटा ठेवला, त्यामुळे सोनेरी कडेसकट चारही बाजू दिसू लागल्या. नंतर उरलेले दोन्ही पुठ्ठे त्यांनी न सांगताच तसेच केले. या फेरकामाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

पुठ्ठ्यांच्या तीन फ्रेमा प्रत्येकी 950 रुपये आणि माळेची पेटी 1,800 रुपये, असे एकूण 4,650 रुपये झाले. कॉलेज रोडवर मी जे दर विचारले होते, त्यांच्या तुलनेत हे कमी आहेत. अतिनील किरण अडवणारी काच त्यांच्याकडे मिळत नाही. ती मुंबईहून मागवावी लागते आणि खर्च जवळपास दुप्पट होतो, म्हणून मी साधी दोन मिलिमीटरची काच घेतली. स्केचपेनची शाई उन्हाने उडते, त्यामुळे आमच्या गंगापूर रोडच्या घरातील पश्चिमेची उजेडाची भिंत सोडून फ्रेमा आतल्या खोलीत लावल्या आहेत. दिवाणखान्यात लावाव्यात ही आईची इच्छा अपुरी राहिली. पेटीची फ्रेम वजनदार आहे. तिच्यासाठी भिंतीत साधा खिळा पुरत नाही, ड्रिल करून प्लग बसवावा लागला. जाताना वाहन शक्यतो लांबच लावावे, कारण बोळात दुचाकीसुद्धा वळवता येत नाही.

फ्रेमा घेऊन निघताना मी सवयीने "येते, काका" म्हटले. घरातून बाहेर पडताना जपानी माणसेही 'जाऊन येतो' याच अर्थाचे 'इत्ते किमास' म्हणतात, हे मी चौथीच्या वर्गाला मराठीतले 'येते' शिकवताना सांगितले होते. शेवटच्या दिवशी मात्र मुलांनी रोज शाळा सुटताना म्हणतात तसे सुरात 'सायोनारा'च म्हटले, आणि फक्त त्या कोपऱ्यातल्या मुलाने ओठ हलवले नाहीत.

जूनच्या अखेरीस मी तो लॅमिनेट झालेला सहावीचा पुठ्ठाही काकांकडे नेला. वरचे प्लास्टिक सोडवता येईल का, एवढेच विचारायचे होते. त्यांनी तो उजेडाकडे धरून तिरका करून पाहिला, कडेला नखाने हलकेच उचकटून पाहिले आणि परत माझ्या हातात दिला. प्लास्टिकबरोबर शाईही निघेल, म्हणून त्याला हात लावू नका, असे त्यांनी सांगितले. पाहण्याचे पैसे घेतले नाहीत. तो पुठ्ठा सध्या माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली आडवा ठेवलेला आहे.