रेल्वे बघायला दुर्बीण: ८ बाय ४२, तीन महिने वापरून

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका दुकानातनं घेतली, आणि खरं सांगतो भावांनो, गाड्या बघायची मजाच बदलली. मी रुकडीच्या अलीकडं, पंचगंगेच्या पुलापासनं लांब, रुळांपासनं बाजूला शेताच्या बांधावर बसतो. कोल्हापूर-मिरज लाईन १८९१ ला सुरू झाली, शाहू महाराजांच्या काळात, त्यामुळं इथं बसलं की वेगळंच वाटतं.

सकाळी कोयना एक्स्प्रेस येते तेव्हा इंजिनाचा नंबर आता लांबनंच वाचता येतो, २२ नं सुरू झाला तर वॅप-४ जातीचं विजेचं इंजिन, ३० नं झाला तर वॅप-७ न्हाईतर वॅप-५, आणि डब्याच्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे डबा बनल्याचं साल, हे तर मिरज पॅसेंजर हळू चालते तेव्हा एकेक डब्याचं वाचत बसतो. शेवटच्या डब्यावरचा एक्स पण स्पष्ट.

दुकानदार १० पटवाली घ्या म्हणत होता, पण ती हातात हलते, नंबर थरथरतो. ८ पटच घ्या. ४२ म्हणजे पुढचं भिंग ४२ मिमी रुंद, ४२ भागिले ८ केलं की सव्वापाच मिमी रुंदीचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो, म्हणून हिवाळ्यात सकाळी उजेड कमी असताना पण बऱ्यापैकी दिसतं.

पट्टा मात्र बेकार, दुसऱ्या महिन्यात शिवण उसवली, मी चपलवाल्याकडनं चामड्याचा करून घेतला. चष्मा असेल तर आयकप, म्हणजे डोळ्याला टेकतात त्या कडा, खाली दुमडून बघा, न्हाईतर कडा काळ्या दिसतात. पाचपैकी चार.