सोलापुरी चादर: चादरीला चार तारे, उत्तरांना दोन

‘खरखरीत आहे, रंग जातो, धुतल्यावर आखडली.’ ऑनलाइन मागवलेल्या चादरीखाली पुण्या-मुंबईच्या कुणी एवढं लिहिलं की सोलापूरकरांच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरतो. पहिलं उत्तर ठरलेलं: ‘डुप्लिकेट घेतलास बे!’

कधी ते खरंही असतं. पण अस्सल चादरही नवी असताना कडक लागते. मागावर तुटू नये म्हणून ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ चढवलेली असते. ती दोन-तीन धुण्यांत निघते आणि सूत मऊ पडतं. म्हणजे तक्रार खोटी नाही, लवकर केलेली आहे. आखडण्याचंही तसंच. ताणून विणलेलं सूत पहिल्या पाण्यात सैलावतं. 90 इंचांना तीन-चार इंच धरून चाला, गरम पाण्यात जास्तच. पलंगाच्या मापाची तंतोतंत चादर घेऊ नका.

रंगाच्या बाबतीत मात्र आपली मंडळी उगाच भांडतात. पहिल्या धुण्याला वरचा जादा रंग निघणारच. चौथ्या धुण्यालाही बादली लाल होत असेल तर रंगाई कच्ची, मग चादर थेट सोलापूरच्या कापडबाजारातून, चाटी गल्लीतून घेतलेली का असेना. ‘मिठाच्या पाण्यात भिजवा’ हा सल्ला शंभर जण देतात. मीठ रंगवताना कामाचं, रंग सुतात ओढून घ्यायला. रंगून झालेल्या कापडाचा कच्चा रंग त्याने पक्का होत नाही. त्यापेक्षा दुकानातच पांढरा रुमाल ओला करून गडद पट्ट्यावर दहा-पंधरा वेळा घासा.

डुप्लिकेट म्हणायचंच तर तपासून म्हणा. जकार्ड मागावर विणलेली नक्षी दोन्ही बाजूंना दिसते, रंग उलटे होऊन. छापील चादर मागून फिकी असते. ताण्याचा एक आणि बाण्याचा (आडवा) एक धागा काढून जाळा. सूत कागदासारखं जळतं, राख बोटाने विस्कटते. पॉलिस्टर आक्रसून काळा कडक मणी होतो. अर्थात यातून सूत कळतं, गाव नाही. सुती चादर हरियाणातल्या पानिपतातही मिळते. गावासाठी लेबलवर उत्पादकाचा सोलापूरचा पत्ता बघा. गावाच्या नावाला संरक्षण देणारं भौगोलिक मानांकन (जीआय) 2005 पासून आहे, तरी ‘सोलापुरी स्टाइल’ लिहून विकणारे आहेतच.

ग्रुपवर कधीतरी सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला, एखादा कारखानदार विचारतो, ‘मागची बाजू दाखवा. किती वेळा धुतली?’ कामाचं उत्तर तेच, पण ते चाळिसाव्या नंबरला येतं. तोवर गिऱ्हाईक गेलेलं असतं.

‘फार जड आहे’ या तक्रारीला कुणीच उत्तर देत नाही, कारण ती घरोघरी माहीत आहे. ओली चादर पिळायला दोन माणसं लागतात. सहा किलोच्या मशीनमध्ये एका वेळी एकच टाका. दोन टाकल्या तर पिळताना ड्रम एका अंगाला जड होऊन मशीन मधेच थांबतं.