हायवेवरची नर्सरी: झाडं झक्कास, सल्ला भोपळा (वर्षभरानंतरचा रिव्ह्यू)

नर्सरीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे थोडी बोंब पण मारणार आहे, कुडाळहून सावंतवाडीकडे जाताना लागते एवढंच सांगते. गेल्या जूनमध्ये तिकडून पाच झाडं आणली. पावसाच्या तोंडावर नर्सरीत काय सगळंच हिरवंगार दिसतं हो, झाड कसंय ते खरं मे महिन्यात कळतं, म्हणून वर्षभर थांबले.

सोनचाफा एक नंबर. वेलणकर चाफा म्हणून सोनचाफ्याचीच जात आहे, तिचं कलम, साडेतीनशे रुपये. आजोळी बियांपासून केलेला चाफा होता तो फुलायला नऊ वर्षं लागली म्हणे, आणि हे माझ्या कमरेएवढं पोरगं दिवाळीच्या आधीच फुललं! आता मागचं दार उघडलं की चहाच्या आधी चाफ्याचा वास, एक फूल देवाला, एक पाण्याच्या बाटलीत. पण कलमाच्या जोडावरची प्लास्टिकची पट्टी नंतर सोडवायची असते हे तिथे कोणी बोललंच नाही, खोड जाड झालं तशी ती आत रुतत गेली आणि मी आपली पानं पिवळी का पडतायत म्हणून शेणखत घालत बसले. शेवटी ब्लेडने कापून काढली, अजून तिथे अंगठीचा वळ असतो ना तसा वळ आहे. जोडाच्या खालून फुटवे आले तर तेही खुडून टाका, ते वेलणकर चाफ्याचे नसतात, ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या झाडाचे असतात.

मिरीचा किस्सा तर विचारूच नका. मला माडावर चढवायला वेल हवी होती, काउंटरवरच्या पोराने झुडपी मिरी दिली. ती फळफांदीपासून करतात, ती चढतच नाही. चार महिने मी तिला माडाला सुतळीने बांधतेय आणि ती आपली ढिम्म! आता स्वयंपाकघराच्या दाराशी कुंडीत ठेवलीय, बोटभर लांब हिरवे घोस लागलेत, चूक झाली ती बरीच झाली.

जास्वंदीबरोबर पिठ्या ढेकूण फुकट मिळाले. पानं उलटी करून बघितली असती तर तिथेच दिसले असते, कळ्यांच्या देठाशी कापसासारखं पांढरं. कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी मारून दोन महिने गेले. कोकमाचं बियांचं रोप मात्र त्याच पोराने "मादीच आहे ताई" म्हणून गळ्यात मारलं, ही शुद्ध थाप, बियांचं रोप नर निघणार की मादी ते फुलल्याशिवाय कळत नाही, कोकम हवं असेल तर मादी झाडाचं कलमच मागा.

पाचवी अबोली, ती मागे पिशव्या भरणाऱ्या मावशींनी अशीच दिली. "ह्येका पानी जास्ती घालू नको हां." नाही घातलं. आता पायरीच्या कडेने रांगच झालीय कारण तिच्या सुकलेल्या बोंडांवर पाणी पडलं की तट्‌कन फुटून बी उडतं, भाचरं आली की थुंकी लावून तेच करत बसतात.

तर जा जरूर, पण काय विचारायचं ते मावशींना विचारा. एक ते तीन त्या जेवायला घरी जातात, तेव्हा जाऊ नका.