डान्स टीचर्ससाठी सोशल मीडिया वर्कशॉप, दादर: माझा अनुभव (५ पैकी ३ स्टार)

बोरिवलीला सोसायटीच्या हॉलमध्ये माझा कथकचा छोटा क्लास आहे, तीसेक मुली, बहुतेक गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक-प्रवेशिका या सुरुवातीच्या परीक्षांना बसणाऱ्या. जूनमध्ये पलीकडच्या गल्लीत झुंबा-बॉलीवूडचा क्लास निघाला आणि आमच्या दोघी तिकडे गेल्या, तेव्हा एका मुलीची आई म्हणाली, ताई तुमचं इन्स्टा अगदीच झोपलंय हो. मग २,५०० रुपये भरून एका रविवारी दादर गाठलं. (कोणाचं वर्कशॉप ते लिहीत नाही, का ते खाली कळेल.) वेस्टर्नला जम्बो ब्लॉक, त्यामुळे पहिला अर्धा तास हुकला, तो दोष त्यांचा नाही.

आधी चांगलं सांगते. शूटिंग शिकवणारा मुलगा खरंच हुशार होता. रील मोबाईलवर बघताना खाली आपलं नाव नि कॅप्शन येतं ना, त्याच्यामागे नेमके पाय झाकले जातात हे त्याने माझाच व्हिडिओ लावून दाखवलं. म्हणजे दोन वर्षं मी ततकार (कथकचं पायांचं काम) टाकत होते आणि लोक माझं कॅप्शन बघत होते! उपाय सोपा, फोन थोडा मागे न्यायचा नि पायांखाली मोकळी जागा सोडायची. घुंगरांचं पण तसंच, टाइल्सच्या हॉलमध्ये फोन जवळ ठेवला की नुसता खणखणाट येतो, लांब ठेवून भिंतीला दोन जाड चादरी लावल्या तर पायांचे बोल सुटे सुटे ऐकू येतात. एवढ्यासाठीच २ स्टार.

मग मुख्य सर आले. म्हणाले, पहिल्या ३ सेकंदांत हुक पाहिजे, म्हणजे बघणारा थांबेल असं काहीतरी, चक्करांपासून सुरू करा, तिहाईचा शेवट आधी दाखवा. मी म्हटलं सर, एकच बोल तीनदा येऊन शेवटच्या धा ला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठायची हीच तर तिहाईची गंमत, सम आधीच दाखवली तर बघणाऱ्याने वाट कशाची बघायची? ते हसले, म्हणाले अल्गोरिदमला सम कळत नाही. खरंय, पण माझ्याकडे फी भरणाऱ्या आयांना कळते. आणि सगळा भर ५० हजार व्ह्यूजवर. अहो माझ्याकडे मुलगी येणार ती बोरिवलीतून, फार तर दहिसर-कांदिवलीतून, इंदूरच्या लोकांनी बघून मला काय मिळणार? चहाच्या वेळी मुलुंडच्या एका भरतनाट्यमवाल्या ताईंनी सांगितलं की बायोमध्ये एरिया, बॅचच्या वेळा नि फी लिहा, तीच पोस्ट वर पिन करा आणि पालकांना बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला सांगा. ते केलं आणि दिवाळीनंतर चार मुली आल्या. वर्कशॉपचा तिसरा स्टार खरं तर त्या ताईंचा.

गाण्यांचा सल्ला मला पटला नाही. बिझनेस अकाउंटला सिनेमाची बरीच गाणी मिळत नाहीत, तर म्हणे पर्सनल अकाउंट ठेवा आणि क्लासची जाहिरात त्यावरूनच करा. गाण्यांची ती सोय घरगुती वापरासाठी असते हो, धंद्यासाठी नाही. मी आता स्वतःची पढंत (तोंडाने म्हटलेले बोल) रेकॉर्ड करते, खाली हार्मोनियमवर लेहरा (तालाला धरून फिरणारी धून), आणि तुकडा (नाचाची छोटी रचना) गुरूंकडून आलेला असेल तर त्यांचं नाव कॅप्शनच्या पहिल्या ओळीत.

सगळ्यात खटकलं ते लहान मुलांचं. समोर सगळ्या मुलांना शिकवणाऱ्या बायका बसलेल्या आणि या विषयाला जेवणाआधीची १० मिनिटं, त्यातही "पालकांची एक सही घेऊन ठेवा" एवढंच. इन्स्टा स्वतः १३ वर्षांखाली अकाउंट देत नाही, २०२३ च्या डेटाच्या (वैयक्तिक माहितीच्या) कायद्यात १८ च्या आतलं प्रत्येक जण मूलच धरलंय, यातलं अवाक्षर नाही. सही कशावर घ्यायची? व्हिडिओ कुठे जाणार, किती दिवस राहणार, नंतर नको म्हटलं तर काढणार का, हे कोण लिहिणार? मी घरी बसून मराठीत साधा फॉर्म केला. दोन घरांतून नकार आला, त्या मुली मागच्या रांगेत नाही गेल्या, शूटिंग असेल तेव्हा मी फक्त पावलं घेते, चेहरा नाही. आणि खरं सांगू, घुंगरांचा क्लोजअपच जास्त चालला. रील डाउनलोड करणं सेटिंगमधून बंद ठेवलंय, सोसायटीची पाटी नि शाळेचा युनिफॉर्म दिसू देत नाही, आणि चुकलेल्या मुलीचा "आधी आणि नंतर" वाला व्हिडिओ तर कधीच नाही, तिच्या वर्गातली पोरं बघतात तो.

आता नाव का लिहीत नाही ते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पेजवर आमचाच व्हिडिओ! मी केस बांधून, चपला काढून, चुकीच्या पायावर उभी. कोणाला विचारलं नाही, काही नाही. मेसेज केला तर उत्तर आलं, मॅडम, छान एंगेजमेंट येतंय, राहू द्या ना. तिसऱ्या मेसेजला काढला. शूटिंगचा तो दीड तास वेगळा विकला तर मी परत जाईन, पण ओढणी डोक्यावरून घेऊन.