‘द प्रिझनर ऑफ झेंडा’ : तोतयाचा पेच

पहिलं प्रकरण नेटानं काढावं लागतं. 1733 सालचं एक राजघराण्यातलं लफडं, त्यापायी इंग्लंडमधल्या रॅसेंडिल कुळात मधूनच उगवणारे गडद लाल केस आणि लांब सरळ नाक, वर नायकाला वहिनीचे टोमणे. पुष्कळ जण इथेच पुस्तक मिटतात. मिटू नका, पुढची सगळी इमारत त्या केसांवरच उभी आहे.

अँथनी होप पेशानं वकील. 1894 साली आलेल्या या कादंबरीत वकिली डोकं दिसतं ते रचनेत. रुडॉल्फ रॅसेंडिल, वय 29, खाऊनपिऊन सुखी आणि निरुद्योगी, रुरिटानिया नावाच्या काल्पनिक देशात राज्याभिषेक बघायला जातो. होणारा राजा हुबेहूब त्याच्यासारखा निघतो. आदल्या रात्री शिकारीच्या बंगल्यावर राजा सावत्र भाऊ मायकेल यानं पाठवलेली दारू पितो आणि सकाळी काही केल्या उठत नाही. म्हातारा कर्नल सॅप्ट मग पाहुण्याची दाढीमिशी उतरवतो, राजाचा पोशाख चढवतो आणि वाटेत आगगाडीत दरबारी रीतीभाती पढवत त्याला राजधानीत नेतो. राज्याभिषेक पार पडतो. रात्री परत येऊन पाहतात तर नोकर मरून पडलेला, राजा गायब.

आपल्याकडे तोतया म्हटलं की पानिपतानंतरचा सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो. तो स्वतःच भाऊ म्हणवत आला होता. इथे राजाच्या इमानी माणसांनीच तोतया उभा केलाय, आणि खरी गंमत त्यापुढे आहे. ‘हा राजा खोटा’ असं मायकेलला ओरडून सांगता येत नाही, कारण पुढचा प्रश्न येणार, मग खरा कुठे आहे? खरा त्याच्याच झेंडाच्या किल्ल्यात कोंडलेला. इकडे तोतयालाही सैन्य घेऊन किल्ल्यावर जाता येत नाही, कारण राजा सिंहासनावर बसलेला असताना सोडवायचं कोणाला? तोतयाला मारावं तर मायकेलचं फावतं. खऱ्या राजाला आधी मारावं तर तोतया कायमचा राजा. हा पेच इतका घट्ट बसलाय की पुढच्या योगायोगांकडे आपण खुशाल काणाडोळा करतो.

कोठडीची रचना लक्ष देऊन वाचा. दोन खोल्या, एकीतून दुसरीत वाट. बाहेरच्या खोलीत पहारा, आतल्या खोलीत राजा. हल्ला झालाच तर बाहेरच्यांनी दार लढवायचं, तेवढ्यात एकानं आत जाऊन राजाला संपवायचं आणि खिडकीला जोडलेल्या जाड नळातून प्रेत खंदकात सोडायचं. राजा जिवंत हवा असेल तर दारावर नुसती धडक मारून भागत नाही, हे इतकं साधं आणि भीषण गणित आहे. सुटकेचा बेत घड्याळाच्या काट्यावर बांधलेला असतो. तो फसतो तो कोणाच्या फितुरीनं नव्हे, तर रुपर्ट हेंट्झाऊ नावाचा देखणा, बेफिकीर खलनायक ठरल्या वेळेआधीच एका बाईच्या खोलीत घुसतो म्हणून.

तलवारबाजी चटपटीत आहे. लोखंडी चहाचं टेबल ढालीसारखं धरून गोळ्या झेलत बाहेर पडण्याचा प्रसंग तर निव्वळ मजा. पण नायक नळापाशी होडीत झोपलेल्या पहारेकऱ्याला भोसकतो, ती ओळ घशात अडकते. आपल्या सगळ्या कृत्यांत हे आठवायला सर्वांत नकोसं वाटतं, असं तो स्वतःच म्हणतो. साहसकथेत असा कबुलीजबाब क्वचित मिळतो.

प्रेमकथेची बाजू त्या मानानं कच्ची. राजकन्या फ्लाव्हिया बराच वेळ नुसती सुंदर आणि हळवी आहे. शेवटी तिला बोलायला मिळतं तेव्हा मात्र ती सगळ्यांना मागे टाकते. मायकेलवर जीव टाकणारी आणि त्याच्याच विरुद्ध चिठ्ठ्या पाठवणारी आंत्वानेत द मोबान जास्त जिवंत वाटते. लेखकानं तिला आणखी पानं द्यायला हवी होती.

पुस्तक 22 प्रकरणांचं, दोन-तीन संध्याकाळींत संपणारं. इंग्रजी जुनं असलं तरी वाक्यं लहान, डिकन्सएवढा दम लागत नाही. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं. छापील हवं असेल तर पेंग्विननं 1898 चा दुसरा भाग ‘रुपर्ट ऑफ हेंट्झाऊ’ याच्यासोबत एका खंडात काढलंय. तो घेतलात तर प्रस्तावना शेवटी वाचा. अशा आवृत्त्यांच्या प्रस्तावना शेवट बिनदिक्कत फोडतात. आणि दुसरा भाग लगेच उघडू नका. त्याची चव बरीच कडू आहे, आणि पहिल्याच्या शेवटी दर वर्षी येणारं ते लाल गुलाब थोडे दिवस तरी मनात राहू द्यावं.