'सगळ्या सायकलींना चालतो' म्हणून विकलेला छातीचा पट्टा

घरातल्या जुन्या व्यायामाच्या सायकलसाठी नाडी मोजणारा छातीचा पट्टा शोधत असाल आणि कोणी "सगळ्या मशीनला चालतो" असं सांगत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. आमचे ३,४०० रुपये गेले. पैशांपेक्षा संताप याचा आहे की पट्टा हृदयाच्या पेशंटसाठी हवाय, हे विकणाऱ्याला पहिल्या फोनपासून माहीत होतं.

आम्ही गुहागरचे. बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी नाडी ठरावीक मर्यादेत ठेवून रोज व्यायाम करायला सांगितला. उन्हाळाभर ते किनाऱ्यावर चालत होते. पाऊस लागला की आमच्या पाखाडीला शेवाळ धरतं, तिथून त्यांना एकटं पाठवायचा धीर होत नाही. म्हणून डोंबिवलीच्या भावाने त्याची जुनी सायकल टेम्पोत घालून पाठवली. यंत्र दणकट आहे आणि पडद्यावरचे आकडे चांगले ठळक. फोनवरचे बारीक आकडे बाबांना पेडल मारताना दिसत नाहीत, त्यामुळे नाडी सायकलच्या पडद्यावरच यायला हवी होती. मूळ पट्टा तेवढा हरवला होता.

खरी मेख इथेच आहे. अशा बऱ्याच जुन्या सायकलींमधला रिसीव्हर पोलर कंपनीच्या पट्ट्यांमुळे रूढ झालेला, साधारण ५ किलोहर्ट्झचा सिग्नल पकडतो. त्याचा पल्ला जेमतेम मीटरभर. नंतर अँट प्लस आणि ब्लूटूथ हे नवे बिनतारी सिग्नल आले, ते दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. रेडिओचा काटा एका स्टेशनवर ठेवून दुसरं ऐकू येत नाही, तसंच हे. पट्टा कितीही महाग असो, ५ किलोहर्ट्झ सोडत नसेल तर जुन्या पडद्यावर काही उमटणार नाही.

हे मी विकणाऱ्याला स्पष्ट विचारलं होतं. सायकलच्या पडद्याचा फोटो पाठवला, मागचं लेबल पाठवलं. उत्तर आलं, "ताई, तिन्ही सिग्नल आहेत, शंभर टक्के चालणार." सोबत व्हिडिओ: छातीला पट्टा बांधलेला माणूस, आमच्यासारखीच सायकल, पडद्यावर नाडी. माल हातात आल्यावर पैसे द्यायची सोय नव्हती, आधी यूपीआय करायचं. मी केलं.

पट्टा आला. फोनला लगेच जोडला गेला, नाडीही बरोबर दाखवली. सायकलच्या पडद्यावर मात्र नुसती रेघ. पट्ट्याच्या आतली बाजू ओली करून पाहिली, कारण कोरड्या त्वचेवर नाडी नीट पकडली जात नाही. शेजारचा इन्व्हर्टर बंद केला, कारण मोटर आणि विजेच्या उपकरणांनी हा जुना सिग्नल बिघडतो. रेघ ती रेघच.

मग त्याचं उत्तर ऐका. "कोकणातली हवा खारी, तुमचा रिसीव्हर गंजलाय." आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना हे चटकन पटतं, आमच्या खिडक्यांच्या कड्यासुद्धा गंजतात. त्याने ते ओळखूनच सांगितलं. पुढे म्हणाला, आणखी १,८०० रुपयांचा कन्व्हर्टर घ्या, सगळं सुरू होईल. फोटो पाठवला तो संगणकाला लावायच्या अँट प्लसच्या यूएसबी रिसीव्हरचा. आमच्या सायकलला यूएसबीचं तोंडच नाही.

चिपळूणच्या एका फिजिओथेरपी केंद्रात जुना, साध्या प्रकारचा पट्टा होता. तिथल्या ताईंनी तो दोन दिवस वापरायला दिला. बाबांनी बांधला आणि पडद्यावर आकडा आला. रिसीव्हर ठणठणीत होता.

त्यानंतर खोका पुन्हा पाहिला. दमट हवेने वरच्या स्टिकरचा कोपरा सुटला होता. स्टिकरवर तिन्ही सिग्नलची नावं, खाली मूळ छपाईत फक्त ब्लूटूथ. म्हणजे हे जाणूनबुजून केलेलं होतं.

आता व्हिडिओबद्दल. अनेक सायकलींच्या दांड्यांवर धातूच्या पट्ट्या असतात, त्यांवर हात ठेवला की पडद्यावर नाडी येते. आमच्या सायकललाही आहेत, पण पेडल मारताना पकड हलली की आकडा भरकटतो, म्हणूनच छातीचा पट्टा हवा होता. व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला तर त्या माणसाचा डावा हात सबंध वेळ दांडीच्या धातूवर आहे. आकडा हाताचा, नाव छातीच्या पट्ट्याचं. असा व्हिडिओ कोणी पाठवला तर दोन्ही हात वर करून पुन्हा चित्रण करायला सांगा.

जुन्या सायकलसाठी नवीन पट्टा घ्यायचा तर पोलरचे एच९ आणि एच१० हे दोन आहेत. त्यांत ब्लूटूथ, अँट प्लस आणि ५ किलोहर्ट्झ तिन्ही मिळतात. ५ किलोहर्ट्झला ते जिमलिंक म्हणतात, आणि ते पोलरच्या ॲपमधून बंद-चालू होतं, तेव्हा ते चालू असल्याची खात्री करा. गार्मिनचा एचआरएम-ड्युअल किंवा वाहूचा टिकर हे चांगले पट्टे आहेत, पण त्यांत फक्त अँट प्लस आणि ब्लूटूथ आहे, अशा जुन्या पडद्याला उपयोग नाही. वापरलेला जुना पोलर टी३१ कोणी स्वस्तात देत असेल तर त्याची बॅटरी आपल्याला बदलता येत नाही, हे लक्षात ठेवा. शक्य असेल तर आपल्याच सायकलवर बांधून पाहा आणि मग पैसे द्या.

पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम थांबवता येण्याची शक्यता असते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याला तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात द्यावं लागतं. स्टिकरचे फोटो, व्हिडिओ, गप्पांचे स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, सगळं मी तक्रारीला जोडलंय. रक्कम अजून परत आलेली नाही.

त्याने मला ब्लॉक केलं आणि ते पेज गायब झालं. पण तोच व्हिडिओ आता दुसऱ्या नावाच्या पेजवर फिरतोय: मागे निळा पडदा, माणसाने राखाडी बनियन घातलंय, आणि डावा हात दांडीवर.